होडीतून पाहिलेला फ्लॅट

माझ्या दिराच्या बायोडेटात ‘मस्कतमध्ये स्वतःचा सी-फेसिंग टू बीएचके फ्लॅट’ ही ओळ मी घातली. त्याला स्वतःला असल्या ओळी सुचत नाहीत. ओळ खोटी नव्हती. फ्लॅट त्याने रीतसर बुक केला होता, त्याचे कागद आमच्या कपाटात माझ्या पैठणीखाली होते, आणि समुद्र म्हणाल तर चारही बाजूंनी होता. एवढंच, की ज्या बेटावर तो फ्लॅट होणार होता ते बेट अजून पाण्याच्या वर आलं नव्हतं.

बायोडेटात इतक्या तपशिलात शिरायची पद्धत नाही. उंचीच्या रकान्यात लोक बुटांसकट उंची लिहितात, वर्णाच्या रकान्यात सगळी दुनिया गोरी असते, तेव्हा कोणी चौकशी बसवत नाही. मी तर फक्त जरा घाई केली होती.

तेलाचे भाव पडण्याच्या आधीचा तो काळ. मस्कतमध्ये तेव्हा रोज काहीतरी उगवत होतं. सकाळी मुलांना शाळेत सोडायला जाताना जो गोल चौक लागायचा, तो परतताना जागेवर असेलच असं नव्हतं. तिथे पत्रे ठोकलेले असायचे आणि पिवळ्या पाटीवर बाण. आमच्या अल खौदच्या घरी कुणाला जेवायला बोलवायचं तर त्या आठवड्यातला रस्ता सांगावा लागे, मागच्या आठवड्यातल्या रस्त्याने येणारा माणूस सरळ नव्या मॉलच्या पार्किंगमध्ये शिरे. आणि एवढं कमी होतं म्हणून की काय, समुद्रात बेटं बांधायला काढली होती. मागे डोंगरापर्यंत मैलोन्‌मैल रिकामी वाळू पडलेली असताना हे लोक पाण्यात जमीन कशाला करतात, असं मी एकदा दिराला विचारलं. तो म्हणाला, “वहिनी, वाळवंटातल्या फ्लॅटला सी-फेसिंग म्हणता येत नाही.”

तो त्याच कामावर होता. समुद्राच्या तळाची वाळू भल्यामोठ्या पंपाने ओढायची, पाइपातून आणून किनाऱ्याजवळच्या पाण्यात ओतायची, आणि ती वर दिसायला लागेपर्यंत ओतत राहायची, असं ते एकंदर काम. माझा दीर होडीतून फिरत पाण्याची खोली मोजायचा. किती वाळू पडली, किती राहिली, किती वाहून गेली, हे सांगणं हा त्याचा धंदा. या धंद्याने त्याचं फार नुकसान केलं होतं. कुणी काहीही विचारलं तरी तो मोजून जे असेल ते सांगायचा.

आता अशा माणसाचं लग्न कसं जमणार? एका मुलीने व्हिडिओ कॉलवर सहज विचारलं, “मस्कत कसं आहे?” यावर याने तिला सांगितलं, की उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी इतकी तापते की थंड पाण्याच्या नळालाही गरमच पाणी येतं, आणि अंघोळीचं पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून गार करत ठेवावं लागतं. ती मुलगी पुन्हा कॉलवर आली नाही. दुसरीला तो आपण घोरतो हे सांगून बसला, आणि कसं घोरतो हेही सांगितलं. मी डोक्याला हात लावला. चौतिशी उलटलेली. चिंचवडहून सासूबाईंचा फोन आला की पहिलं वाक्य त्याच्या लग्नाचं असायचं, माझी चौकशी मग कधीतरी शेवटी. शिवाय तो आमच्याकडेच राहायचा, मुलांची खोली त्याच्याकडे आणि मुलं हॉलमध्ये.

आणि मग पुण्याची ही मुलगी आली. फिजिओथेरपिस्ट. पहिल्याच कॉलवर तिने नमस्काराच्या आधी त्याला सांगितलं, “तुमचा उजवा खांदा खाली आहे. एका हाताने काही उचलता का रोज?” मला वाटलं, संपलं. पण दीर कॉल संपल्यावर आरशासमोर उभा राहून स्वतःचा खांदा बघत होता. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याला मोजलं होतं. त्यानंतर दर शुक्रवारी दुपारी तो शर्टाला इस्त्री करून कॉम्प्युटरसमोर बसायला लागला. असा इस्त्री करणारा दीर मी कधी बघितला नव्हता. तेव्हाच मी ठरवलं, की हे लग्न झालंच पाहिजे, आणि याला शक्य तितकं कमी बोलू द्यायचं.

अडचण तिच्या वडिलांची होती. ते बँकेत गृहकर्जाच्या खात्यातून रिटायर झालेले. बायोडेटातला फ्लॅट त्यांनी पाहिला आणि मस्कतला येऊन तो प्रत्यक्ष बघायचं ठरवलं. “घर बघून मग साखरपुड्याचं बोलू,” असं त्यांनी माझ्या नवऱ्याला फोनवर सांगितलं. नवऱ्याने “या की” म्हणून फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “बघतोस काय? कागद आहेत की.”

फेब्रुवारीत ते आले. काका, काकू आणि मुलगी. उतरले वादी कबीरला, काकांच्या बँकेतल्या जुन्या मित्राकडे. दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे जेवायला आले तेव्हा काकांनी पहिली तक्रार केली ती तिथल्या गॅरेजांची. “सकाळी सातपासून ठोकाठोक. माणसं राहतात कशी तिथे?” मग त्यांनी आमच्या हॉलची भिंत बोटाच्या पेराने वाजवून पाहिली, बाथरूममधला नळ सोडून पाण्याचा दाब पाहिला, आणि खिशातून टेप काढून बाल्कनी मोजली. ते घर आमचं भाड्याचं होतं, हे सांगूनही त्यांनी मोजली.

काकूंना मी अल मवालेहच्या भाजी मार्केटला नेऊन आणलं. तिथे कोथिंबिरीच्या जुड्या आणि कैऱ्यांचे ढीग बघून त्या खूश झाल्या आणि म्हणाल्या, “मग इथे काही अडत नाही म्हणायचं.” काकूंची बाजू माझ्याकडे आली, असं मी मनात धरलं. मुलगी सगळ्यात कमी बोलत होती. नुसती बघत होती. माझ्या नवऱ्याला मात्र तिने उभं कसं राहायचं ते शिकवलं.

माझा बेत साधा होता. फ्लॅट दाखवायचं सगळं कंपनीच्या सेल्स ऑफिसातच उरकायचं. तिथे गारेगार एसी, खजूर, कहवा, आणि हॉलच्या मधोमध सबंध प्रकल्पाचं काचेच्या पेटीतलं मॉडेल. निळ्या काचेचा समुद्र, त्यात बोटभर इमारती, नखाएवढ्या गाड्या. टाय लावलेल्या सेल्समनने बटण दाबलं की आपल्या इमारतीत दिवा लागायचा. गुरुवारी दिरासकट आम्ही सगळे तिथे गेलो, तेव्हा काकूंनी ते दोनदा करायला लावलं.

काकांनी विचारलं, “प्लिंथ झाली का?”

सेल्समन इंग्रजीत म्हणाला, की सर, बेट प्रगतिपथावर आहे.

“बेटाचं नंतर बघू. इमारतीचं जोतं, प्लिंथ झाली का?”

त्याने घाईघाईने आम्हाला नमुन्याचा फ्लॅट दाखवायला नेलं. काका भिंत वाजवत चालले, भिंत प्लायवूडची निघाली. काकूंना स्वयंपाकघरातले हळूच बंद होणारे ड्रॉवर पसंत पडले. मग त्या समुद्र बघायला खिडकीपाशी गेल्या, पडदा सारला आणि त्यांचं कपाळ आपटलं, कारण समुद्र हा मागून दिवा लावलेला फोटो होता. त्यावर मी मोठ्याने हसले, म्हणजे सगळे हसतील असं मला वाटलं होतं. कोणी हसलं नाही.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, “ताई, उभा जन्म मी होम लोन बघितली. साइट बघितल्याशिवाय एका फाइलवर सही केली नाही. आणि इथे तर माझ्या मुलीचा प्रश्न आहे.”

“अहो काका, ऊन किती आहे, आणि तिकडे बघण्यासारखं—”

“बघू या की,” दीर म्हणाला. “उद्या शुक्रवार आहे, काम बंद असतं. होडीने जाता येईल.”

मी त्याचा पाय दाबला. “वहिनी, तुमचा पाय माझ्या पायावर पडलाय,” तो म्हणाला.

त्या बेटाचं पुढे काय झालं ते आताच सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला लागायला नको. ते झालंच नाही. तेलाचे भाव पडले, पंप थांबले, कंपनी दुसरीकडे गेली. आज तिथे मासे आहेत. पण त्या शुक्रवारी हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं, आणि मला चिंता होती ती वेगळीच. काकांनी पाणी बघितलं की ते “नाही” म्हणणार, आणि मग आमच्याकडचा इस्त्रीचा आवाज कायमचा बंद होणार. हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. स्वतःच्या घराचं मला एवढं कधी वाटलं नाही.

सकाळी सीबच्या किनाऱ्यावर पोचलो. माझ्या नवऱ्याने “कोणीतरी गाडीजवळ थांबायला हवं” असं जाहीर केलं. मस्कतमध्ये गाड्या चोरीला जातात हे मला त्याच्याकडूनच कळलं. होडीवाला दिराच्या ओळखीचा ओमानी कोळी होता, पांढरी दाढी, डोक्याला मसर म्हणजे ओमानी रुमाल गुंडाळलेला, आणि हिंदी आमच्या सासूबाईंपेक्षा बरी.

“किधर जाना है?” त्याने विचारलं.

“फ्लॅट देखने,” दीर म्हणाला.

होडीवाल्याने समुद्राकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. “इधर तो माफी फ्लॅट.” इथल्या अरबीत माफी म्हणजे ‘नाही’.

“बनेगा.”

“इन्शाल्ला,” होडीवाला म्हणाला, आणि असं म्हणाला की काकांच्या कपाळावर आठी चढली. “जुम्मा नमाज के पहले वापस आना है, खलास. यल्ला, चलो.”

काकूंनी सिल्कच्या साडीवर केशरी लाइफ जॅकेट चढवलं आणि मांडीवर एक पिशवी घट्ट धरून बसल्या. पिशवीत नारळ, हळद-कुंकू, तांदूळ आणि उदबत्ती होती. नवी वास्तू रिकाम्या हाताने बघायची नसते, असं त्यांचं म्हणणं. काका टेप घेऊन आले होते. दिराच्या हातात जागा आणि पाण्याची खोली दाखवणारं त्याचं यंत्र होतं. मुलगी पुढच्या फळीवर बसली.

बरंच आत गेल्यावर दीर यंत्राकडे बघत म्हणाला, “थोडं डावीकडे. अजून. बास. हा आपल्या बिल्डिंगचा जिना.”

होडीवाल्याने इंजिन बंद केलं. सगळीकडे पाणी. आम्ही सगळे जिना बघत बसलो.

“मजला कितवा म्हणालात?” काकांनी विचारलं.

“तिसरा.” दिराने बोट वर केलं. आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या. एक समुद्रपक्षी चालला होता.

काकूंनी विचारलं, “स्वयंपाकघर कुठल्या दिशेला येतं?”

“आग्नेयेला. इकडे.”

“मग ओट्यापाशी तोंड पूर्वेला होईल ना?”

“हो. म्हणजे आत्ता होतं.” होडी वळत होती. “आता ओटा तुमच्या पाठीमागे गेला. काकू, थोडं थांबा, येईल परत.”

काकू मान वळवून ओटा येण्याची वाट बघू लागल्या. “आणि तुळस?” त्यांनी विचारलं. “बाल्कनीत,” असं मी सांगून टाकलं. दीर यंत्राकडे बघून म्हणाला, “आपण आता वाहत शेजाऱ्यांच्या बेडरूममध्ये आलोय.” होडीवाल्याला काय चाललंय ते काहीच कळत नव्हतं, पण त्याला मजा वाटत असावी. त्याने मला हळूच विचारलं, “मॅडम, फ्लॅट छोटा है क्या?”

काकांनी टेप पाण्यात सोडला. टेप संपला, तळ लागला नाही. “किती खोल आहे इथे?”

इथे तरी, देवा, मी मनात म्हटलं. पण देवाचं त्या यंत्राशी काही देणंघेणं नव्हतं.

“सव्वासहा मीटर,” दीर म्हणाला. “गेल्या महिन्यात सहा होतं.”

“म्हणजे भर टाकताय आणि खोल होतंय?”

“टाकलेली वाळू वाहून जाते. इथे करंट आहे.”

काका काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात त्यांचा चेहरा पांढरा पडला, त्यांनी घाईघाईने होडीची कड धरली आणि सकाळचे पोहे समुद्राला दिले. हॉलमध्ये की बेडरूममध्ये, ते मी दिराला विचारलं नाही. मुलीने उठून त्यांची पाठ धरली, मानेच्या मागे कुठेतरी अंगठ्याने दाबलं, आणि पाणी पाजलं. दिराने आपली टोपी काढून काकांच्या डोक्यावर ठेवली.

जरा सावरल्यावर काका टोपी सरळ करत म्हणाले, “मिस्टर, आता मला एक सांगा. हे बेट होणार कधी?”

मी दिराकडे डोळे वटारून बघितलं. आयुष्यात एकदा खोटं बोल, मी तुझ्यासाठी इतक्या वेळा बोललेय.

“कंपनी म्हणते दोन वर्षांत,” तो म्हणाला. “मी जे मोजतो त्यावरून मला तसं वाटत नाही. कदाचित होणारच नाही.”

“आणि मग तुमचा फ्लॅट?”

“मग फ्लॅट नाही.”

“मग लग्न करून माझ्या मुलीला ठेवणार कुठे? इथे?” काकांनी पाण्याकडे हात केला.

“नाही. वादी कबीरला भाड्याचं घर बघून ठेवलंय. तुम्ही उतरलाय त्याच्या मागच्या गल्लीत.” दिराने यंत्र बंद करून खिशात टाकलं. “ठोकाठोक तिथेही आहे, मी तीन वेगवेगळ्या वेळी जाऊन ऐकली. मागच्या खोलीत कमी येते. पण तिथून चालत जाण्यासारखं एक फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. तिला तिथे काम मिळू शकेल. त्याआधी लायसन्सची परीक्षा द्यावी लागते. ती अवघड आहे, बरेच जण पहिल्यांदा नापास होतात, असं क्लिनिकमधल्या बाईंनी सांगितलं.”

मला यातलं काहीही माहीत नव्हतं. माझ्याच घरात राहून याने घर बघितलं, क्लिनिक बघितलं, आवाज ऐकले, परीक्षेची चौकशी केली, आणि मी इकडे सी-फेसिंग सी-फेसिंग करत बसले होते. मला एकदम त्याचा इतका अभिमान वाटला, आणि त्याच वेळी त्याला पाण्यात ढकलून द्यावंसंही वाटलं, कारण नापास होतात हे सांगायची काय गरज होती?

मुलगी त्याच्याकडे बघत होती. “अरे, पण मला अभ्यासाला मागची खोली मिळेल का?” तिने विचारलं. त्याच्याशी ती आई-वडिलांसमोर इतके दिवस ‘तुम्ही’नेच बोलत होती. काकूंनी चमकून तिच्याकडे पाहिलं.

“मिळेल,” तो म्हणाला. “पण एसी जुना आहे.”

काकांनी टेप गुंडाळून खिशात टाकला आणि किनाऱ्याकडे तोंड करून बसले.

काकूंना ते बघवलं नसावं. “आता आलोच आहोत तर,” असं पुटपुटत त्यांनी पिशवी उघडली. होडीच्या कडेला हळद-कुंकू लावलं, चार तांदूळ वाहिले, हात जोडले आणि नारळ समुद्रात सोडला. होडीवाल्याला वाटलं, बाईंच्या हातून निसटला. त्याने चटकन जाळीची दांडी घालून नारळ काढला आणि पुसून अदबीने काकूंच्या हातात दिला. काकू गोंधळल्या. देवाने परत केला असं म्हणावं तर समोर होडीवाला दिसत होता. त्यांनी पुन्हा हात जोडून नारळ सोडला. त्याने पुन्हा काढला, आणि या वेळी सांभाळून धरा म्हणून त्यांच्या पिशवीत घालून पिशवीला गाठ मारून दिली. शेवटी दिराने त्याला अर्ध्या अरबीत, अर्ध्या हिंदीत समजावलं. होडीवाल्याने दोन्ही कानांना हात लावले, गाठ सोडली आणि मान खाली घालून बसला. तिसऱ्यांदा नारळ गेला तो गेला. मुलगी हसता हसता फळीवर आडवी झाली, दीर हसत होता, मीही हसले. काकांच्या पाठीवरून काही कळत नव्हतं.

परतताना मी सासूबाईंना काय सांगायचं त्याची मनात जुळवाजुळव केली. मुलीचे वडील फार कडक आहेत. पत्रिकेतच जरा काहीतरी होतं. मुलीलाच पुणं सोडायचं नव्हतं. हे शेवटचं मला मनात म्हणायलाही जड गेलं, कारण मुलगी दिराच्या बाजूला येऊन बसली होती आणि त्याचा उजवा खांदा हाताने वर ढकलून दाखवत होती, असा ठेवायचा.

होडी धक्क्याला लागली. पायरी ओली होती, होडी हलत होती. काका उठले, परत बसले, पुन्हा उठले. होडीवाल्याने हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

“जावईबापू,” ते म्हणाले, “हात द्या जरा.”

दिराला आधी कळलंच नाही कुणाला हाक मारली ते. मग तो पायरीवर उतरला आणि त्याने हात दिला. माझ्या डोळ्यांना धार लागली, आणि काकू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागल्या, लाइफ जॅकेटसकट. तेवढ्यात वरून गाडीपाशी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याने ओरडून विचारलं, “काय, कसा वाटला फ्लॅट?” काका पायऱ्या चढून वर आले होते, रस्ता कोरडा आणि सपाट होता, तरी त्यांनी त्याचा हात सोडला नव्हता.